पंख्याची शिट्टी: सेंट्रिफ्यूगल ब्लोअरचा आवाज मुळातून कसा उतरवायचा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका शेठचा फोन आला तो पेटीसाठीच. "पेटी बनावी दो ने, भाई. मागच्या सोसायटीवाल्यांनी जीव खाल्लाय." धूळ ओढणारा मोठा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर (मधून हवा घेऊन कडेने फेकणारा पंखा), रात्रपाळीतही चालू, आणि कंपाउंडपलीकडे मांजलपूरच्या अंगाला घरं. पेटी म्हणजे पंख्याभोवती पत्र्याचं आणि रॉकवूलचं (खनिज लोकरीचं) खोकं. बडोद्यात आवाजावरचा पहिला इलाज म्हणून सगळ्यांना हेच सुचतं, आणि पहिल्याच भेटीत हे काम मी घेत नाही. त्या पंख्याचा आवाज घरांपर्यंत पोचत होता चिमणीच्या तोंडातून. केसिंगभोवती, म्हणजे पंख्याच्या पत्र्याच्या कवचाभोवती, हातभर जाड पेटी बांधली असती तरी चिमणी उघडीच राहिली असती.

ते काम पुढे ज्या क्रमाने झालं, त्याच क्रमाने ही रीत सांगतो. आय.डी. फॅन (भट्टीतला धूर ओढणारा), एफ.डी. फॅन (भट्टीत हवा ढकलणारा), डस्ट कलेक्टरचा ब्लोअर, भट्टीचा पंखा, सगळ्यांना ती लागू पडते.

आधी कानाने

मीटर गाडीतच राहू द्या. पंख्याजवळ उभं राहून एकच गोष्ट ठरवा: आवाज "सूंऽऽ" असा एका सुरातला आहे, की धबधब्यासारखा "घोऽऽ" आहे? सूर असेल तर त्याचं बहुधा एक ठरावीक कारण सापडतं आणि ते काढता येतं. घोंगावणं हवेच्या वेगामुळे आणि गोंधळामुळे होतं. त्याला वेग कमी करणं, डक्ट (हवा नेणारी पत्र्याची वाट) सुधारणं किंवा सायलेन्सर लागतो.

मग पंखा बंद करायला सांगा आणि तो थांबेपर्यंत कान देऊन ऐका. या एका मिनिटात जितकं कळतं तितकं अर्ध्या दिवसाच्या मोजणीत कळत नाही. वीज तुटताक्षणी जो आवाज गेला तो विजेचा. आपल्याकडे मोटरची गुणगुण १०० हर्ट्झला असते. जो सूर खाली खाली उतरत गेला तो पात्यांचा. आणि उतरता उतरता मध्येच कुठे क्षणभर पत्रा किंवा फाउंडेशन थरथरलं, तर तिथे अनुनाद आहे, म्हणजे पंख्याचा वेग त्या भागाच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतोय. तो वेग कागदावर टिपून ठेवा, पुढे लागेल. ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर) चालणारा पंखा असेल तर तो ब्रेक मारून थांबवू नका, मोकळा फिरत थांबू द्या.

शेठच्या पंख्याचा सूर लिफ्ट उतरावी तसा सरळ खाली गेला. म्हणजे पात्यांचाच.

मग गणित

पात्यांचा सूर काढायला एवढंच करायचं: पात्यांची संख्या गुणिले आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), भागिले ६०. इथे पाती १२ आणि वेग १,४७०, म्हणजे २९४ हर्ट्झ. त्याच्या दुप्पट ५८८ वरही बारीक सूर मिळतो. मोबाइलवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणता सूर किती मोठा ते, दाखवणारं फुकटचं अॅप घ्या. फोनच्या माइकवर डेसिबलचा आकडा मागू नका, पण सूर कितीवर आहे हे फोन बरोबर सांगतो. २९४ ला खिळ्यासारखी उभी रेघ दिसली की प्रकरण हवेचं. रेघ २४.५ ला, म्हणजे फेरीला एकदा असेल, तर इम्पेलरचा, म्हणजे पात्यांच्या फिरत्या चाकाचा, तोल गेलाय. ४९ ला असेल तर कपलिंगची लाइन किंवा ढिला पाया बघा. फोनचा माइक इतक्या खालचं नीट पकडत नाही, तेव्हा या दोन रेघांसाठी बेअरिंगवर व्हायब्रेशन मीटर टेकवावा.

पाती मोजताना नेमप्लेटवर विसंबू नका. पंखा बंद करून, तो चुकून चालू होऊ नये म्हणून कुलूप आणि टॅग लावून, मगच इन्स्पेक्शन दार उघडून स्वतः मोजा. इम्पेलर मध्ये कधीतरी बदललेला असतो आणि त्याची नोंद कुठेच नसते. इथेही तसंच निघालं.

कुठे किती मोजायचं

आता मीटर काढा. केसिंगपासून एक मीटर, मोटरपासून एक मीटर, हवा आत घेणारं तोंड, चिमणी, पायाजवळची भिंत, आणि तक्रार जिथली आहे ती जागा. प्रत्येक ठिकाणी पंखा चालू असताना एक आकडा आणि बंद असताना एक. दोन्हींत १० डेसिबल किंवा जास्त फरक असेल तर आसपासचा आवाज विसरा. फरक ३ चाच असेल तर तुमचा पंखा आणि बाकीचं जग सारखंच ओरडतंय, आणि पंख्याचा वाटा मोजलेल्यापेक्षा ३ ने कमी आहे.

डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत, हे मालकाला समजावणं मला सगळ्यात कठीण जातं. एखाद्या जागी चिमणीमुळे ८८, केसिंगमुळे ८८ आणि मोटरमुळे ८० डेसिबल येत असतील, तर एकूण ९१.३ होतात. मोटरवर खर्च करून ती अगदी मूक केली तरी राहतात ९१. नुसती चिमणी गप्प केली तर ८८.६. दोन्ही मोठे गप्प केले तरच ८०. म्हणून उगमांची यादी मोठ्याकडून छोट्याकडे लावा आणि वरूनच सुरुवात करा. बाजारात सोपं मिळतं म्हणून तिसऱ्या नंबरवर पैसे घालणारे खूप पाहिलेत.

कायद्याचे आकडेही हाताशी असू द्यात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक क्षेत्राला दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, निवासी क्षेत्राला ५५ आणि ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. जीआयडीसीच्या आतला ७० चा आकडा दाखवून घरवाल्यांची समजूत निघत नाही. त्यांच्या खिडकीशी त्यांचा आकडा. कामगाराच्या कानासाठी ८ तासांना ९० ही वेगळी मर्यादा आहे. आणखी एक गोम: मीटरचं 'ए' वजन २५० हर्ट्झच्या आसपास साडेआठ डेसिबल वजा करून दाखवतं. आकडा सोज्वळ दिसतो, पण रात्री अंथरुणावर पडलेल्या माणसाला नेमका तो एक सूर छळतो. आकडा मर्यादेत आहे म्हणून तक्रार खोटी मानू नका.

पहिला इलाज: डॅम्पर उघडा, वेग उतरवा

शेठच्या पंख्याचा डॅम्पर, म्हणजे डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप, निम्मा बंद होता. का, हे कोणालाच माहीत नव्हतं. "साहेब, तो तसाच असतो," एवढंच फिटरकाका म्हणाले. म्हणजे मोटर पूर्ण ताकदीने हवा ढकलतेय आणि पुढे दार अर्धं लोटलेलं. सेंट्रिफ्यूगल पंखा आपल्या सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या बिंदूजवळ सगळ्यात शांत असतो. गळा आवळला की हवा पात्यांवरून सुटते, घोंगावणं वाढतं आणि डॅम्परच्या पात्यावर आणखी एक आवाज तयार होतो.

वेगाचा हिशेब घसघशीत आहे. आवाज ढोबळमानाने वेगाच्या पाचव्या घाताने बदलतो. वेग १० टक्के कमी केला तर सव्वादोन डेसिबल, २० टक्के कमी केला तर जवळपास ५ डेसिबल. त्याच २० टक्क्यांत, सिस्टिम तीच असेल तर, हवा ८० टक्क्यांवर, दाब ६४ वर आणि वीज ५१ वर येते. आवाजाचं काम बहुतेक वेळा विजेच्या बिलातून मंजूर होतं, तेव्हा मालकापुढे हा आकडा आधी ठेवा.

कसं करायचं: डॅम्पर आत्ता जिथे आहे तिथे डक्टमधली हवा पिटो ट्यूबने (हवेचा वेग मोजणाऱ्या नळीने) मोजा. मग डॅम्पर पूर्ण उघडा आणि तेवढीच हवा मिळेपर्यंत वेग कमी करत या. ड्राइव्ह असेल तर हर्ट्झ कमी करून, पट्ट्याचा पंखा असेल तर मोटरची पुली लहान करून. पुली बदलणं ड्राइव्हच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतं आणि हवेची गरज रोज बदलत नसेल तर तेवढं पुरतं. इथे ड्राइव्ह बसवला आणि ४२.५ हर्ट्झवर, म्हणजे सुमारे ८५ टक्के वेगाला, आधीइतकीच हवा मिळाली. नुसत्या वेगाचे साडेतीन डेसिबल, शिवाय गळा मोकळा झाल्याचा फायदा वेगळा. सूर २९४ वरून २५० ला उतरला.

दोन सावधगिऱ्या. धुळीच्या डक्टमध्ये हवेचा वेग एका मर्यादेखाली गेला की धूळ तळाशी बसू लागते; बऱ्याच कोरड्या धुळींना सेकंदाला १८ ते २० मीटर लागतो. आवाजाच्या नादात डक्ट तुंबवून घेऊ नका. दुसरी: पंखा थांबताना जो थरथरणारा वेग टिपला होता, तोच नवा चालता वेग ठरत नाही ना ते बघा. ठरत असेल तर ड्राइव्हमध्ये तेवढे हर्ट्झ वगळायची सोय असते, ती वापरा.

जीभ

सुराचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. गोगलगायीसारख्या केसिंगमध्ये जिथे फिरणारी हवा आणि बाहेर जाणारी हवा वेगळी होते, ती पत्र्याची धार म्हणजे कट-ऑफ. आमच्याकडे तिला जीभ म्हणतात. प्रत्येक पातं तिच्यासमोरून जाताना हवेचा एक टोला तिच्यावर बसतो. सेकंदाला २९४ टोले म्हणजे २९४ हर्ट्झचा सूर. पातं आणि जीभ जितकी जवळ, तितका टोला कडक.

हे अंतर साधारण इम्पेलरच्या व्यासाच्या ५ ते १० टक्के असतं. इथे इम्पेलर ९०० मिलिमीटरचा, म्हणजे ४५ ते ९० अपेक्षित. मोजलं तर भरलं ३०. काही वर्षांपूर्वी "ओढ कमी पडते" म्हणून कोणीतरी मोठ्या व्यासाचा इम्पेलर बसवला होता, केसिंग मात्र जुनंच. ओढ जास्त झाली म्हणून मग डॅम्पर लोटला. रोग, औषध आणि औषधाचा रोग, तिन्ही एकाच पंख्यात.

जीभ मागे घ्यायची रीत अशी. मूळ जीभ एकदम कापू नका. आधी मोजमाप घ्या आणि फोटो काढा. जमत असेल तर जिभेची पट्टी बोल्टने बसवता येईल अशी करून घ्या, म्हणजे अंतर बदलून पाहता येतं. थोडं मागे घ्या, पंखा चालवा, सुराची रेघ बघा, हवा आणि अँपिअर तपासा, मग पुढे. फार मागे नेली तर हवा जिभेखालून परत केसिंगमध्येच फिरू लागते आणि दाब पडतो, तिथे थांबा. धारेला चांगली गोलाई द्या, कापलेली तीक्ष्ण कड ठेवू नका.

त्याहून चांगली युक्ती म्हणजे तिरकी जीभ. जीभ पात्याला समांतर असेल तर पात्याची सगळी रुंदी एकाच क्षणी तिच्यासमोर येते. ती तिरकी केली तर टोला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो आणि पसरतो. तिरकेपणा शक्यतो एका पात्याच्या अंतराइतका हवा. ९०० मिलिमीटर आणि १२ पाती म्हणजे परिघावर सुमारे २३५ मिलिमीटर. सगळ्या केसिंगमध्ये एवढी जागा मिळत नाही, मिळेल तेवढी घ्यावी. आम्ही मधलं अंतर ७५ वर नेलं आणि जमेल तितकी तिरकी केली. फोनवरची रेघ खिळ्यासारखी होती, ती गवतात मिसळल्यासारखी दिसू लागली.

केसिंगमध्ये वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करण्याआधी ओढली जाणारी धूळ कसली आहे ते विचारा. लाकडाचा भुसा, पीठ, अॅल्युमिनियमची भुकटी असेल तर ठिणगी म्हणजे स्फोट. डक्ट वेगळी करा, केसिंगमधली धूळ पूर्ण काढा, हॉट वर्क परमिट (ठिणगी उडणाऱ्या कामाची लेखी परवानगी) काढा, नाहीतर केसिंग उतरवून बाहेर न्या.

हवा आत कशी येते

पंख्याच्या तोंडालाच एल्बो जोडलेला असतो, कारण जागा नव्हती. वळणातून आलेली हवा एका बाजूला दाटलेली, गिरक्या घेत पात्यांवर पडते. प्रत्येक पात्याला फेरीत एकदा धक्का बसतो, आवाज वाढतो आणि हवाही कमी मिळते. तोंडाआधी व्यासाच्या ३ ते ५ पट सरळ डक्ट मिळाली तर उत्तम. जागा नसेल तर एल्बोत वळणाची पाती बसवा किंवा नीट आकाराचा इनलेट बॉक्स करून घ्या. डॅम्पर तोंडाला चिकटून असेल तर लांब सरकवा. इनलेट कोन (हवा आत सोडणारा शंकू) आणि इम्पेलरच्या डोळ्यामधली (त्याच्या मधल्या तोंडामधली) फट चहूबाजूंनी सारखी हवी. एकीकडे घासतेय आणि दुसरीकडे बोटभर अशी स्थिती फार ठिकाणी दिसते.

गच्चीवरच्या पंख्यांचं एक खास बडोदी दुखणं आहे. उत्तरायण झालं की जाळीवर पतंगांचे तुकडे आणि मांज्याचे गुंते अडकलेले असतात, कधी मांजा शाफ्टलाही गुंडाळलेला. १५ जानेवारीनंतरच्या पहिल्या मेंटेनन्समध्ये जाळी आणि शाफ्ट बघाच.

यांत्रिक भाग

हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून झटपट. पात्यांच्या मागच्या बाजूला बसलेली धूळ खरवडून काढा, मगच तोल करायला द्या. मळासकट बॅलन्स केलेला इम्पेलर मळाचा खपला पडताच पुन्हा डोलतो. पंख्यांना साधारण जी ६.३ ग्रेडचा तोल मागतात. बेअरिंग, पट्ट्यांचा ताण, पट्ट्याच्या गार्डचा खडखडणारा पत्रा, सुटलेले बोल्ट, सगळं तपासा.

कंपन इमारतीत उतरत असेल तर पायाखाली आयसोलेटर (कंपन अडवणारे पॅड किंवा स्प्रिंग) हवेत, आणि इथे लोक अंदाजाने रबर पॅड टाकतात. हिशेब सोपा आहे: पंखा ठेवल्यावर आयसोलेटर किती मिलिमीटर दबतो त्याचं वर्गमूळ काढा, १५.८ ला त्याने भागा, आला त्याचा नैसर्गिक कंपांक. तो पंख्याच्या फेऱ्यांच्या एक-तृतीयांश किंवा खाली हवा. १,४७० आरपीएम म्हणजे २४.५ हर्ट्झ, तेव्हा ८ हर्ट्झ पुरे. त्यासाठी ४ मिलिमीटर दबणूक. पण ७२० आरपीएमच्या पंख्याला १६ मिलिमीटर लागते, आणि ती रबर पॅडच्या आवाक्याबाहेर. तिथे स्प्रिंगच. ड्राइव्हवरच्या पंख्यासाठी हिशेब सर्वांत कमी चालत्या वेगावर करा. आयसोलेटर घालून डक्ट मात्र थेट केसिंगला बोल्ट केली, तर सगळं मुसळ केरात. दोन्ही बाजूंना कॅनव्हासचा लवचीक जोड हवा, आणि तो सैल हवा, ताणलेला नको.

सायलेन्सर, आणि तो कधी नाही

एवढं करूनही आकडा उरला तर सायलेन्सर. आवाज चिमणीतून जात असेल तर तो पंखा आणि चिमणीच्या मध्ये, एफ.डी. फॅन असेल तर हवा घेणाऱ्या तोंडावर. आतल्या पट्ट्यांत खनिज लोकर असलेला सायलेन्सर मधल्या आणि वरच्या सुरांना चांगला, खालच्या सुरांना लंगडा. त्यांच्यासाठी पट्ट्या जाड आणि लांबी जास्त लागते. चिकट किंवा धुळकट हवेत लोकरीची छिद्रं बुजतात आणि वर्षभरात तो नुसता अडथळा उरतो. त्याचा दाबनाश किती ते विक्रेत्याकडून लिहून घ्या, कारण तो भरून काढायला पंखा जोरात फिरवला तर कमावलेलं परत जातं.

एकच सूर मारायचा असेल तर डक्टला एक बंद नळी काटकोनात जोडतात, सुराच्या तरंगलांबीच्या एक-चतुर्थांश लांबीची. २९४ हर्ट्झला हवा ३० अंशांची असेल तर सुमारे ३० सेंटिमीटर, ८० अंशांची असेल तर ३२. स्वस्त आणि बिनअडथळ्याची गोष्ट, पण ती त्याच सुराला बांधलेली. ड्राइव्हने वेग बदलला की नळी आंधळी. स्थिर वेगाच्या पंख्यालाच हा खेळ करावा.

लॅगिंग आणि ती पेटी

केसिंगचा पत्राच गात असेल तर लॅगिंग: आत ५० ते १०० मिलिमीटर रॉकवूल, वर जड पत्रा. वरचा पत्रा स्क्रूने थेट केसिंगला कसला की कंपन त्यातून बाहेर येतं, तेव्हा तो लोकरीवरच तरंगता ठेवा. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली लॅगिंगचा भरवसा नाही. कधी कधी आवाज थोडा वाढतोदेखील. बेअरिंग आणि मोटर झाकू नका.

पेटी बांधायचीच वेळ आली तर दोन आकडे लक्षात असू द्या. पेटीच्या एकूण पृष्ठभागाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली तरी पेटी २० डेसिबलपेक्षा जास्त देऊच शकत नाही, भिंत कितीही जाड असो. केबलचं भोक, दाराखालची फट, शाफ्टची जागा, यांतच ती टक्केवारी भरते. आणि १५ किलोवॅटची, ९० टक्के कार्यक्षमतेची मोटर पूर्ण भारावर सुमारे १.७ किलोवॅट उष्णता सोडते. मोटरी साधारण ४० अंशांच्या हवेसाठी बनतात. बडोद्याचा मे महिना पेटीबाहेरच ४० ओलांडतो. हवा खेळती ठेवायला तोंडं हवीत, त्या तोंडांना सायलेन्सर हवेत, आणि ग्रीस भरायला माणूस आत जाईल असं दार हवं. दार अवघड केलं की फिटर ते काढून भिंतीला टेकवून ठेवतो. मग ती पेटी राहत नाही, मांडव होतो.

परत मोजा

पहिल्या दिवशीच्या त्याच जागा, तीच उंची, तोच भार. तक्रार रात्रीची असेल तर रात्रीच मोजा.

आम्ही अकरानंतर सोसायटीच्या गच्चीवर गेलो. तक्रार करणाऱ्या आजीही जिना चढून आल्या. फिटरकाकांना फोन करून पंखा बंद करायला लावला, परत चालू करायला लावला. आजींनी दोन्ही वेळा मान हलवली: शिट्टी गेलीय, पण "घूं घूं" आहे अजून. ते पंखा बंद असतानाही होतं. स्पेक्ट्रमवर १०० ला छोटी रेघ. शेठच्या कंपाउंडच्या कोपऱ्यातला ट्रान्सफॉर्मर. इतकी वर्षं तो शिट्टीखाली दबून गेला होता. दुसऱ्या दिवशी शेठना सांगितलं तर ते म्हणाले, "तो एनी पेटी बनावी दो ने!"